ताटात काय, पंगतीत कोण

बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा अकरावा अध्याय उघडून वसईच्या मासळी बाजारात उभं राहिलं, तर अर्ध्या टोपल्या झाकून ठेवाव्या लागतील. पाण्यातल्या ज्या जिवाला पंख आणि खवले आहेत तेवढाच खावा, बाकीचे ओंगळ मानावेत, असा तिथला नियम आहे. पापलेट, सुरमई, रावस, बांगडा चालतात. कोळंबी चालत नाही. चिंबोरी, तिसऱ्या, कालवं, माकुल नाही. मुशी नाही, वाम नाही, शिंगाळाही नाही. मटणाच्या दुकानात बोकड चालतो, कारण तो रवंथ करतो आणि त्याचे खूर दुभागलेले असतात. डुकराचे खूर दुभागलेले, पण ते रवंथ करत नाही, म्हणून ते वर्ज्य.

माझ्या सासरी वसईला यातलं जवळजवळ सगळं शिजतं. कोळंबीचं कालवण, तिसऱ्यांचं सुकं, सणाला डुकराचं मांस. कॅथलिक घर आहे, रविवारची मिस्सा चुकत नाही, आणि तरीही लेवीयाच्या अकराव्या अध्यायाची स्वयंपाकघरात कोणाला आठवणसुद्धा होत नाही. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, प्रोटेस्टंट, अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाचं. तिथे समुद्र नाही, त्यामुळे खवल्यांचा प्रश्न कधी आला नाही. पण डुक्करही घरात आलं नाही, आणि त्याचं कारण लेवीय नव्हतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

ओळखीतली माणसं विचारतात, ‘तुमच्यात सगळंच चालतं ना?’ मी ‘हो’ म्हणते. उत्तर खोटं नाही, पण ते इतकं तोकडं आहे की दर वेळी काहीतरी सांगायचं राहून गेल्यासारखं वाटतं. ते राहिलेलं आज लिहायचं आहे.

‘सगळं चालतं’ या म्हणण्याला आधार कुठला, असं विचारलं तर बहुतेक जण येशूचा शिष्य पेत्र याच्या दृष्टान्ताकडे बोट दाखवतात. बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, दहावा अध्याय. पेत्र यापो गावात एका घराच्या धाब्यावर प्रार्थना करतोय, दुपारची वेळ आहे, भूक लागलेली आहे. आकाशातून चार कोपऱ्यांनी धरलेली मोठी चादर खाली येते. तिच्यात सगळ्या तऱ्हेची जनावरं, सरपटणारे प्राणी, पक्षी. वाणी होते: पेत्रा, ऊठ, मारून खा. पेत्र नाही म्हणतो. निषिद्ध असं काही मी आजवर तोंडात घातलेलं नाही. वाणी सांगते, देवाने जे शुद्ध केलंय त्याला तू अशुद्ध म्हणू नकोस. असं तीनदा होतं आणि चादर वर घेतली जाते.

संडेस्कूलमध्ये ही गोष्ट आम्हाला चित्रं लावून शिकवत. त्या चित्रांमुळे माझ्या मनात बरीच वर्षं असं होतं की पेत्राने शेवटी त्यातलं काहीतरी खाल्लं. त्या अध्यायात तसं कुठेच नाही. पेत्र बुचकळ्यात पडून बसलेला असताना खाली दारात तीन माणसं येऊन उभी राहतात. कैसरियातल्या कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीने त्यांना पाठवलेलं असतं. पेत्र त्या परजातीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, माणसांना आत घेतो, रात्री ठेवून घेतो आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर कर्नेल्याच्या घरी जातो. तिथे दारातून आत गेल्यावर त्या दृष्टान्ताचा अर्थ तो स्वतःच सांगतो: कोणत्याही माणसाला निषिद्ध किंवा अशुद्ध म्हणू नये, हे देवाने मला दाखवलं आहे. जनावरांची चादर बघून आलेला माणूस जनावरांबद्दल चकार शब्द काढत नाही.

तो यरुशलेमला परत येतो तेव्हा तिथली मंडळी त्याला जाब विचारतात. आरोप काय, तर तू सुंता न झालेल्यांच्या घरी गेलास आणि त्यांच्या पंगतीला जेवलास. तू काय खाल्लंस, हे कोणीही विचारत नाही. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हा आरोप समजावून सांगावा लागत नाही.

आणि म्हणूनच मला वाटतं की बायबलमधल्या अन्नाच्या नियमांचं काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे युरोपातल्यासारखा कधीच आला नाही. युरोपात तो बराचसा पंडितांचा प्रश्न राहिला. पेत्राच्याच काळात यरुशलेमला भरलेल्या प्रेषितांच्या सभेने परजातीय विश्वासणाऱ्यांवर मोजकी बंधनं ठेवली होती: मूर्तीला वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेलं जनावर आणि जारकर्म यांपासून दूर राहा. त्यातल्या रक्ताचं काय, यावर शतकानुशतकं खल झाला. इ.स. ४०० च्या सुमारास संत ऑगस्टीन लिहितो की मान मुरगळून मारलेला पक्षी खायचा नाही, असं आता कोणी पाळत नाही, आणि पाळणाऱ्याला लोक हसतात. उलट इ.स. ६९२ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या धर्मसभेने रक्त खाण्यावर पुन्हा बंदी घातली, आणि पूर्वेकडच्या मंडळ्यांनी, म्हणजे चर्चनी, तो नियम आपल्या नियमांत ठेवला. इथिओपियाची प्राचीन मंडळी तर आजही डुक्कर खात नाही. ही सगळी चर्चा महत्त्वाचीच. पण आपल्याकडे ख्रिस्ती माणूस ‘सर्व अन्न शुद्ध आहे’ असं म्हणाला, तेव्हा ऐकणाऱ्याने लगेच पुढचं विचारलं: म्हणजे कोणाच्या हातचं?

१८९० च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी व्याख्यानासाठी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटं आली. कोणी घेतली, कोणी कप नुसता हातात धरला, कोणी बाजूला ठेवला. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापली आणि पुणं पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं झाली. चहात मांस नव्हतं, मासळी नव्हती, लेवीयाने वर्ज्य ठरवलेलं काहीच नव्हतं. तो ख्रिस्त्याच्या घरचा होता, एवढंच.

त्याच काळातल्या पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला याहून खोल वाटतं. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी मांस, मासे, अंडी यांना हात लावला नाही. अंडं घातलेली खीरसुद्धा त्या खात नसत. ज्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता होत्या, त्यांना हे जातीच्या अभिमानाचं उरलेलं शेपूट वाटत होतं. ख्रिस्ती झालीस, आता हेही सोड, असा त्यांचा आग्रह. रमाबाईंनी पत्रांतून ठामपणे नकार दिला. मी ख्रिस्ती झाले म्हणजे इंग्रज झाले असं नाही, हा त्यांचा सूर त्या पत्रांत सतत जाणवतो. पुढे १८८९ मध्ये शारदा सदन काढल्यावर तिथे येणाऱ्या ब्राह्मण विधवा मुलींना त्यांचं सोवळं-ओवळं पाळता येईल अशी स्वयंपाकाची व्यवस्थाही त्यांनी ठेवली. स्वतः ते बंधन तोडलेल्या बाईने दुसऱ्यांसाठी ते सांभाळलं.

यात काहींना विसंगती दिसते. मला दिसत नाही. स्वतःपुरतं सगळं मोकळं झालेलं असताना समोरच्याच्या मनाला धक्का लागू नये म्हणून हात आवरता घेणं, हेच तर प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, करिंथकरांना, लिहिलं होतं: अन्नामुळे माझ्या भावाला अडखळण होत असेल तर मी कधीही मांस खाणार नाही. रमाबाई त्याच्या दोन पावलं पुढे गेल्या. खाण्याच्या मोकळिकीचीही सक्ती होऊ शकते, हे त्यांनी वाँटेजला ओळखलं आणि तिला नकार दिला.

त्या सक्तीचा सगळ्यात काळा इतिहास आपल्या शेजारच्या गोव्यात घडलेला आहे. पोर्तुगालमध्ये १५३६ साली धर्मन्यायासनाने, म्हणजे इन्क्विझिशनने, जाहीरनामा काढला होता. ख्रिस्ती म्हणवणारा माणूस गुपचूप यहुदी धर्म पाळतो का, हे ओळखायच्या खुणा त्यात दिल्या होत्या: डुकराची चरबी खात नाही, ससा खात नाही, वाम खात नाही, खवले नसलेला मासा खात नाही. हीच ती लेवीयाची यादी, उलटी करून. जे न खाणं मोशेच्या नियमात आज्ञापालन होतं, ते न खाणं आता गुन्ह्याचा पुरावा ठरलं, तेही पेत्राच्या नावाने चालणाऱ्या चर्चच्या हातून. गोव्यात हे न्यायासन १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडून, चाललं. १७३६ च्या हुकूमनाम्यात तर भात मीठ न घालता शिजवून मीठ वरून घेण्यावरही बंदी होती, कारण हिंदू तसं करतात. नव्या ख्रिस्त्याच्या चुलीवरच्या भातात मीठ कधी पडतं, हे बघायला सत्ता स्वयंपाकघरात शिरली.

वसईही १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. सासरच्या सणाच्या जेवणात सोरपोतेल असतं. डुकराचं मांस, काळीज, व्हिनेगर, आणि जुन्या पद्धतीने केलं तर रक्तसुद्धा. म्हणजे लेवीयाचं एक आणि यरुशलेमच्या सभेचं एक, अशी दोन वर्ज्यं एकाच पातेल्यात. ते मी आवडीने खाते, सासूबाईंकडून करायलाही शिकले आहे. हे पातेलं आज आमच्या आनंदाचं आहे, ते खरंच तसं आहे, आणि ते कोणी हिरावून घेऊ नये. पण कधीकाळी कुठल्यातरी घरात पहिला घास भीतीने गिळला गेला असेल, हेही मला विसरता येत नाही. मी प्रोटेस्टंट घरातून आलेली असल्यामुळे हे बोलते असं सासरी एकदा कोणीतरी म्हणालं. तसं नाही. मोकळीक आपली वाटायची असेल, तर ती कुठून आली हे माहीत असलेलं बरं.

याच किनाऱ्यावर, थोडं दक्षिणेला, अलिबागजवळच्या नवगावच्या बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांची, गोष्ट आहे. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनवार तेली. गावच्या लोकांत मिसळलेले, मराठी बोलणारे. परंपरा सांगते की दाविद रहाबी नावाचा यहुदी त्यांच्याकडे आला, तेव्हा त्याने बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितली. त्यांनी पंख आणि खवले असलेली तेवढी निवडून घेतली आणि बाकीची बाजूला सारली. ग्रंथ हाताशी नव्हता, पण यादी हातांना पाठ होती. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून त्यांच्या कालवणात नारळाचं दूध असतं. कोकणाने त्यांची सोयच करून ठेवली होती म्हणायची. या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. ‘आम्हाला ते नियम लागू नाहीत’ असं आम्ही म्हणतो तेव्हा ‘ते नियम फोल होते’ असा सूर लागता कामा नये. त्या यादीने एका छोट्या समाजाला शेकडो वर्षं स्वतःची ओळख विसरू दिली नाही.

आमच्यातही यादी पाळणारे आहेत. पुण्याची स्पायसर ही शिक्षणसंस्था ज्यांची आहे ते सातव्या दिवसाचे अॅडव्हेंटिस्ट या पंथाचे ख्रिस्ती लेवीयाचा अकरावा अध्याय आजही मानतात. डुक्कर नाही, कोळंबी-खेकडे नाहीत, आणि त्यांच्यातले बरेच जण पूर्ण शाकाहारी. शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, या वचनातून ते आरोग्याकडे येतात. माझी त्यांच्याशी तक्रार नाही. फक्त कोणी या नियमांना केवळ आरोग्यशास्त्र ठरवलं, की मला ते अपुरं वाटतं. लेवीयातली कारणं पवित्रतेची आहेत, पोटाची नाहीत.

आता माहेरची गोष्ट.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात एक वचन आहे. खाण्याच्या नियमांवर बोलताना ते कोणी फारसं वाचत नाही. आपोआप मेलेलं कोणतंही जनावर खाऊ नका, असं ते सांगतं. कारण तुम्ही देवाची पवित्र प्रजा आहात. आणि मग, त्याच श्वासात: ते तुझ्या वेशीच्या आत राहणाऱ्या उपऱ्याला खायला दे, किंवा परदेशी माणसाला विकून टाक.

माझे पणजोबा ख्रिस्ती झाले ते महारवाड्यातून. गावात ढोर मेलं की ओढून न्यायचं काम त्यांच्या वाट्याचं, आणि ते मांस हा त्यांचा हक्क, असं गाव म्हणत असे. हक्क हा शब्द तिथे कसा वापरला जाई ते नीट समजून घ्यायला हवं: जे बाकीच्या गावाने खायचं नाही, ते वेशीबाहेरच्यांनी खायचं, आणि खाल्लं म्हणून ते अपवित्र, आणि अपवित्र म्हणून ते वेशीबाहेर. अनुवादातलं ते वचन पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. ज्या शास्त्राने माझ्या घराला उभं केलं, त्यातच हा माणूस होता, वेशीच्या आतला उपरा, ज्याच्या पदरात मेलेलं जनावर टाकायचं. आणि तो माणूस मला ओळखीचा होता.

पाळकसाहेबांना विचारलं तर त्यांनी लेवीयाचा सतरावा अध्याय दाखवला. तिथे मेलेलं खाणारा देशात जन्मलेला असो की उपरा, दोघांनाही एकच नियम: कपडे धुवावेत, स्नान करावं, संध्याकाळपर्यंत अशुद्ध राहावं. म्हणजे शास्त्रातच दोन आवाज आहेत. मला त्याने बरं वाटलं, पण पूर्ण समाधान झालं नाही, आणि होऊ नये असंच मला वाटतं. शास्त्र वाचताना आपण कोणाच्या जागेवर बसून वाचतो हे ठरवावं लागतं. मी त्या उपऱ्याच्या जागेवरून वाचते. तिथून बघितलं की यापोतल्या चादरीची गोष्ट अन्नाची सूट देणारी गोष्ट उरत नाही. वेशीबाहेरच्या माणसाला कोणी उरलंसुरलं देऊ नये, त्याच्या घरी जाऊन जेवावं, अशी ती गोष्ट होते.

आजी सांगायची की त्यांच्या घराने ख्रिस्ती झाल्यावर पहिली गोष्ट सोडली ती मेलेल्या जनावराचं मांस. पुढे १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना तेच सांगितलं. सोडणं सोपं नव्हतं. दुष्काळात तर नव्हतंच. आणि ते सोडलं म्हणून लगेच गावाने पाण्याला जवळ केलं, असंही झालं नाही. पण आजीच्या सांगण्यात पश्चात्तापाचा लवलेश नसे. डुक्कर आमच्या घरात आलं नाही ते याच वाटेने. ‘लोकांनी बोट दाखवावं असं काही चुलीवर चढवायचं नाही’, एवढाच तिचा नियम. तो मोशेच्या नियमशास्त्रातला नव्हता, पौलाच्या पत्रांतलाही नव्हता.

तिचा दुसरा नियम प्रसादाचा. जत्रेत मरीआईला किंवा म्हसोबाला बोकड कापलं जाई, गावच्या रिवाजाप्रमाणे मुलाणी येऊन कापी, आणि ओळखीच्या घरांतून वाटा येई. आजी वाटा घेत नसे. शिरा, मोदक, काही नाही. कोणी दिलं तर कपाळाला हात लावून नमस्कार करी आणि म्हणे, ‘बाई, तुझ्या मायेचं घेतलं, पण हे मला चालायचं नाही.’

पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात या प्रश्नावर तीन अध्याय खर्ची घातले आहेत. करिंथच्या बाजारातलं पुष्कळ मांस देवळांत वाहिलेलं असे. पौल म्हणतो, मूर्ती म्हणजे काहीच नाही, त्यामुळे बाजारात जे मिळतं ते विवेकासाठी चौकशी न करता खा. कोणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. पण कोणी मुद्दाम सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. देवळातल्या पंगतीला मात्र बसू नका. प्रभूचा प्याला आणि भुतांचा प्याला दोन्ही पिता येत नाहीत. ज्याला या ज्ञानाची खात्री नाही, जो खायला कचरतो, त्याचा विवेक दुर्बळ आहे असं पौल म्हणतो, आणि बलवानांनी त्याला सांभाळून घ्यावं असं सांगतो.

पौलावर माझी श्रद्धा आहे. पण आजीला दुर्बळ म्हणायला मी तयार नाही. तिच्या नकारात मूर्तीचं भय नव्हतं. ज्या देवीच्या गाड्यापुढे तिच्या माणसांनी पिढ्यानपिढ्या नाचायचं, राबायचं आणि शेवटी उरलेलं खायचं, त्या व्यवस्थेचा वाटा ती नाकारत होती. ‘नको’ म्हणता येणं हेच तिला नव्याने मिळालेलं होतं. उद्या पौल स्वतः आमच्या ओसरीवर येऊन बसला असता, तर मला वाटतं त्याने तिच्या हातचं पाणी मागितलं असतं आणि वाद घातला नसता.

मी स्वतः मोदक खाते. समोरच्या घरच्या काकू गणपतीत डबा घेऊन येतात, तो त्यांच्या हातचा असतो, पहाटे उठून केलेला असतो, आणि मी तो त्यांच्यासमोर खाते. आरतीला उभी राहत नाही. तेही त्यांना माहीत आहे आणि त्यांनी कधी गैर मानलेलं नाही. आमच्या मंडळीतल्या काही बहिणींना माझं हे खाणं पटत नाही. त्यांच्यापैकी एक नव्याने विश्वासात आलेली, घरच्यांचा रोष पत्करून आलेली. ती माझ्याकडे बसलेली असताना डबा आला, तर मी तो आत ठेवते. हे लपवणं नव्हे. तिला ठाऊक आहे. पण तिच्या जखमेवर माझं स्वातंत्र्य चोळायचं नाही, इतकं मला रमाबाईंकडून शिकता आलं.

हलालचाही प्रश्न हल्ली व्हॉट्सअॅपवर फार जोरात फिरतो. ख्रिस्ती माणसाने हलाल मटण घ्यावं का, त्यावर दुसऱ्या धर्माची प्रार्थना म्हटलेली असते, वगैरे. पौलाचं बाजाराबद्दलचं वाक्य यापेक्षा स्पष्ट कसं असायला हवं होतं, मला कळत नाही. पिढ्यानपिढ्या मुलाण्याच्या हातचं खाल्लेल्या महाराष्ट्राला हा प्रश्न अचानक आज पडावा, याच्यामागे शास्त्र नाही, शेजाऱ्याबद्दल नवीन पेरलेला संशय आहे. तो संशय मी माझ्या ताटात घेणार नाही.

उपवासकाळाबद्दल थोडंसं. सासरी राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मांस कमी होतं, शुक्रवारी तर बंदच. माहेरी असा नियम नव्हता. शुक्रवारी मांस नाही पण मासळी चालते, हा नियम किनाऱ्यावरच्या माणसाला फारसा त्याग वाटत नाही हे खरं. म्हणूनच सासूबाई त्या दिवसांत आवडती सुकी मासळीसुद्धा सोडतात आणि वाचलेले पैसे चर्चच्या पेटीत टाकतात. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव विचारतो, मला आवडणारा उपवास तो हाच ना, की तू आपली भाकर भुकेल्याला वाटावी? सासूबाईंना हे वचन तोंडपाठ नाही. त्यांच्याकडून ते घडतं.

आणि पौल सगळ्यात जास्त कुठे संतापला आहे ते बघावं. डुकरावर नाही, नैवेद्यावर नाही. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाला लोक एकत्र येत तेव्हा खाऊनपिऊन सुखी असलेले आधीच जेवून घेत, आणि दमून उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. तुम्ही देवाच्या मंडळीला तुच्छ मानता आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना लाजवता, असं तो लिहितो. अंत्युखियात तो खुद्द पेत्रावर तोंडावर उलटला, तोही पंगतीवरूनच. यापोत चादर बघितलेला, कर्नेल्याकडे जाऊन आलेला पेत्र, यरुशलेमहून माणसं आली म्हणताच परजातीयांच्या पंगतीतून उठून गेला. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात ते आहे. दृष्टान्त झालेला माणूससुद्धा लोक काय म्हणतील म्हणून ताट सोडून उठू शकतो.

हे मला आमच्याबद्दलही बोलायला हवं. आपल्या मंडळ्यांमध्ये जात गेली असं आम्ही व्यासपीठावरून सांगतो. प्रीतिभोजनाला सगळे एकत्र बसतात हे खरं. पण सोयरीक जुळवताना मूळ गाव कोणतं, आडनाव आधी काय होतं, हे विचारणारी घरं मी पाहिली आहेत, माहेरी आणि सासरीही. एका पंगतीला जेवतात, पण मुलगी देत नाहीत.

नाताळच्या प्रीतिभोजनाची बैठक आमच्या मंडळीत लवकरच आहे. गेल्या वेळी मेन्यूवरून वाद झाला. तरुण मुलं म्हणाली, आपण जे खातो ते वाढू, लपवायचं कशाला. दुसरी बाजू म्हणाली, यंदा नव्या सुनेचे माहेरचे लोक येणार आहेत, माळकरी आहेत, सगळंच शाकाहारी करू. दोन्ही बाजूंनी पौलाचीच वचनं काढली. मला दोन्ही बाजूंचं पटलं होतं, आणि तेव्हा मी गप्प बसले.

या वेळी मी बोलणार आहे. बलवानाने दुर्बळासाठी आपलं ताट आवरावं, ही पौलाची आज्ञा मला मान्य आहे. पण आपल्याकडे बलवान कोण, हे आधी विचारावं लागतं. मासळीचा वास येतो म्हणून घर भाड्याने न देणारी सोसायटी जेव्हा मला म्हणते की आमच्या भावनांसाठी तुम्ही आवरा, तेव्हा ती पौलाची भाषा वापरत असली तरी पौलाचं म्हणणं मांडत नाही. २०१५ च्या कायद्याने राज्यात बैलाच्या मांसावरही बंदी आली, तेव्हा गरिबाच्या ताटातलं स्वस्त मांस गेलं. ते त्याने कोणावर प्रेम म्हणून सोडलेलं नव्हतं. सक्तीने आवरलेलं ताट प्रेमात धरता येत नाही. गोव्यातल्या त्या भाताच्या मिठाने एवढं तरी शिकवायला हवं.

पण नव्या सुनेचे आईवडील सोसायटी नाहीत. मुलगी ख्रिस्ती घरात दिलेली, नातेवाइकांची बोलणी ऐकून घेतलेली माणसं आहेत ती, आणि आमच्या अंगणात जेवायला येतायत. त्या दारातून आत यायला त्यांना जे ओलांडावं लागलं असेल, ते माझ्या सोरपोतेलपेक्षा मोठं आहे. म्हणून माझी सूचना अशी: चूल दोन ठिकाणी मांडावी. माळकऱ्यांचा स्वयंपाक वेगळ्या पातेल्यांत, आणि तो त्यांनी सांगितलं तर त्यांच्याच कोणीतरी येऊन केला तरी चालेल. रमाबाईंनी शारदा सदनात जे केलं ते आम्हाला करायला हरकत नसावी. मटणही व्हावं, झाकून नाही, नेहमीच्या जागी. आणि पंगत एकच बसावी. शाकाहाऱ्यांची वेगळी ओळ धरायची नाही, पाहुण्यांना आत खुर्चीवर आणि मंडळीला बाहेर सतरंजीवर असं करायचं नाही, वाढपी आमच्यातलेच पण सगळ्यांना वाढणारे. पाळकसाहेब म्हणतात जागा पुरणार नाही, दोन पंगती कराव्या लागतील. मग पहिल्या पंगतीत दोन्हीकडची माणसं बसवावीत आणि उशिरा येणाऱ्यांचं जेवण आधी काढून ठेवावं. वीटभट्टीवरून येणारी आमची माणसं दर वर्षी शेवटी पोचतात, आणि तोवर मटण संपलेलं असतं. ते बैठकीच्या वहीत लिहून घ्यावं असा माझा आग्रह राहील.